मधली चित्रं

आईच्या स्टुडिओतल्या डेलनं तिचं टेबल पिकअपमधून उतरवायला घेतलं, तेव्हा दुसरी बाजू मी एकटीनंच उचलली. त्याच आठवड्यात मी शाळेच्या वादविवाद संघाची कप्तान झाले होते. आपल्याला काहीही उचलता येतं, असं मला वाटत होतं.

"वकीलबाई, पाय सांभाळा," डेल म्हणाला. "टेबल तुमच्याहून म्हातारं आहे."

तिरकं टेबल, मधोमध काचेची तबकडी, खाली दिवा. स्टुडिओनं हातानं काढलेले कार्टून चित्रपट बंद केले होते आणि आमच्या ग्लेंडेल गावातल्या कितीतरी गॅरेजांत अशी टेबलं येऊन पडली होती.

डेल मुख्य चित्रं काढायचा: हात मांडीवर, मग हात कपावर. या दोहोंच्या मधली सगळी चित्रं आईची. कागदाच्या कडेला तो एक छोटी शिडी आखून द्यायचा. पायऱ्या जिथे दाट, तिथे हालचाल संथ.

"तुझी आई नसती, तर माझी माणसं बेडकांसारख्या उड्या मारत बसली असती."

आई हसली नाही. ती नुकतीच कॉम्प्युटरवरचं काम शिकून आली होती. "दोन टोकं दिली की मधलं तोच भरतो, तालिन जान," ती मला म्हणाली. "तसंही मधलं कुणी बघत नव्हतंच."

पहिल्यांदा मला वाटलं, माझंच लक्ष नसेल. आई शेगडीपाशी कॉफी ढवळत होती. मग ती खिडकीशी होती, कप अर्धा झालेला. मधली जमिनीची ती फळी, जी मांजर गेलं तरी करकरते, गप्प होती.

मी मुद्दाम बघू लागले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत, पापणी न मिटता. आई सोफ्यावर. आई दारात. मधे उठणं नाहीच.

"आई, तू तिथे गेलीस कशी?"

"कशी म्हणजे? गेले."

आवाज सपाट. चेहराही.

मग एका सकाळी मी गाडीत बसले, पट्टा लावला आणि शाळेच्या फाटकाशी उतरले. वाटेत एकही सिग्नल लागला नव्हता. घरी घेतलेला लावाश रोटीचा घास तोंडात तसाच होता, न चावलेला.

मला भीती वाटायला हवी होती. काहीच वाटलं नाही.

त्या दुपारी मी टेबलाचा दिवा लावला. आई शेगडीपाशी, हे एक चित्र. आई माझ्यापाशी, हे दुसरं. शिडी आखली, शेवटाकडे पायऱ्या दाट केल्या आणि मधली चित्रं काढत गेले. सगळी नाकं वाकडी आली.

फळी करकरली.

आई चालत आली. तिचा हात माझ्या केसांपर्यंत यायला केवढा वेळ लागला!

"शेवटी पायऱ्या दाट केल्यास तू," ती म्हणाली. "म्हणून थांबता आलं."

मग शाळेतून आले की मी रोज टेबलाशी बसू लागले. शाळेनं कप्तानपद दुसऱ्या कुणाला तरी दिलं. कुणाला, ते विचारलंही नाही.

एके दिवशी टेबलावर दोन कागद दिसले. एकावर फुलाफुलांच्या खुर्चीत बसलेली आई. दुसऱ्यावर नुसती खुर्ची. कडेच्या शिडीला एकही पायरी नव्हती.

मी डेलला फोन केला. "हे तू काढलंस?"

"पोरी, पेन्सिलीला हात लावून महिने झाले मला." मग त्यानं विचारलं, "रेघ कशी आहे? हातानं काढल्यासारखी जाड-बारीक होते?"

होत नव्हती. कुठेच नाही.

"आई, हे काय आहे?"

"टोकं आहेत," आई खुर्चीतून म्हणाली. "मधलं तुला जमतं ना, जान?"

जमतं. सगळ्या पायऱ्या मी पहिल्या चित्रापाशी मारल्यात, इतक्या दाट, की एका कागदाचा दुसऱ्यापासून फरक कळू नये.

आई खुर्चीत आहे. कॉफी पिते. माझ्या वाकड्या नाकांना हसतेसुद्धा.

आज तिच्या खांद्यातून खुर्चीवरचं एक फूल दिसलं.