तिसरा भोंगा

मी भुताखेतांच्या नादाला लागणारा माणूस नाही. बस दुरुस्तीच्या गॅरेजात काम करतो. कुठे आवाज आला तर आधी कुठला नट ढिला झालाय ते बघतो, रामरक्षा म्हणत बसत नाही.

म्हणून आधीच सांगून ठेवतो... पुढे जे लिहिलंय त्यातलं एक अक्षरही माझ्या पदरचं नाही.

आणि ही रात्रीची गोष्ट नाही. रविवार होता. दुपारचं जेवण नुकतंच झालं होतं, बाहेर लख्ख ऊन होतं. सगळं घडलं ते आमच्या इमारतीच्या गेटमध्ये, आमच्या पहिल्या मजल्यावरच्या खिडकीच्या अगदी खाली.

पण त्याआधी बाबांबद्दल सांगायला हवं.

बाबा पूल चालवायचे. बंदराच्या तोंडाशी एक लोखंडी पूल आहे. जहाज आलं की तो मागे सरकून काठात शिरतो, जहाज गेलं की पुन्हा बाहेर येतो. त्या पुलाच्या केबिनमध्ये बाबांचा जन्म गेला.

त्यांचा एक नियम होता. पूल आत घ्यायच्या आधी भोंगा द्यायचा आणि खिडकीतून ओरडायचं, "आहे का कोणी?" मग थांबायचं. असं तीनदा. तिसऱ्या भोंग्यानंतरही कोणी ओ दिली नाही, तरच खटका ओढायचा.

मध्ये कुठूनही ओ आली तर खटक्यावरचा हात काढायचा. आणि परत पहिल्यापासून.

एकदा एक गाढव पुलाच्या मधोमध येऊन उभं राहिलं. बाबांनी अख्खं जहाज थांबवलं. कप्तानाने शिव्यांची लाखोली वाहिली, पण गाढव आपल्या मर्जीने पार होईपर्यंत बाबा हलले नाहीत. ताई म्हणाली, एका गाढवाने दुसऱ्या गाढवाची वाट बघितली. बाबा तो विनोद भेटेल त्याला सांगत सुटले होते.

सगळ्या नोकरीत त्यांच्या हातून कोणाच्या नखाला धक्का लागला नाही. हे लक्षात ठेवा.

निवृत्त झाल्यावर ते घरात नुसते येरझाऱ्या घालायचे. मग ताईने त्यांना ठोकळ्यांचा गेम शिकवला. त्यात एकेक ठोकळा ठेवून घरं, किल्ले बांधायचे असतात. जमिनीवर लाल वायर पसरायची, सिग्नल सोडायचा, की ढकलणारे ठोकळे पुढेमागे होतात.

बाबांना आणखी काय हवं होतं?

त्यांनी आणि ताईने मिळून एक किल्ला बांधला. भोवती उकळत्या लाव्ह्याचा खंदक. खंदकावर पूल. खटका ओढला की पुलाचा एकेक ठोकळा सरकत भिंतीत गडप व्हायचा. सिग्नल कुठवर पोचला ते दिसावं म्हणून बाबा वायरीवर ठरावीक अंतराने छोटे दिवे लावायचे. दुसरं कोणी एवढी उस्तवार करत नाही.

भोंगाही बसवला होता. गेममध्येसुद्धा तीनदा वाजवायचे आणि खाली लिहायचे, "आहे का कोणी?" ताई शहाणी, किल्ल्यात आरामात बसून मुद्दाम लिहायची, "आहे." की बाबा इमानदारीत परत पहिल्यापासून.

मग ताईचं लग्न झालं.

भाऊजी चारचौघांत फार गोड बोलायचे. घरात हात चालायचा. एका थपडेत ताईच्या डाव्या कानाचं ऐकू येणं गेलं, ते आम्हाला वर्षभराने कळलं. मग मनगट मोडलं. प्लास्टर घालून माहेरी आली आणि म्हणाली, जिन्यात पाय घसरला.

बाबा प्लास्टरकडे बघत राहिले.

त्या दिवशी गेममध्ये मात्र त्यांनी पुलाचा खटका उपटला आणि किल्ल्याच्या आत नेऊन बसवला. "आता तू आत असलीस की बाहेरून कोणाला येता येणार नाही," एवढंच म्हणाले.

त्यानंतर थोड्याच दिवसांत बाबा झोपेतच गेले. त्यांच्या कॉम्प्युटरची वायर मीच काढली, गुंडाळली आणि वर कापड घातलं.

बाबांचं दिवसपाणी झालं आणि ताई माझ्याकडे आली ती कायमची. भाऊजींचे फोन सुरू झाले. आधी रडले, मग दमदाटी. शेवटच्या फोनवर म्हणाले, नांदायला येत नसेल तर जिवंतही ठेवणार नाही. मी पोलिसांत गेलो. त्यांनी समजुतीने घ्यायला सांगितलं. समजूत कोणाची घालायची, ते नाही सांगितलं.

तर तो रविवार.

वीज गेली होती. आमच्या इमारतीचं गेट लोखंडी आहे, रुळावर सरकणारं, मोटरवर चालणारं. वीज गेली की ते जिथल्या तिथे थांबतं. तेव्हा ते सताड उघडं होतं. वॉचमनकाका जेवायला गेले होते.

ताई खिडकीशी लॅपटॉप घेऊन बसली होती. वायफाय बंद, लॅपटॉप बॅटरीवर. गेममध्ये ती एकटीच होती.

मी सहज डोकावलो. पुलाच्या दोन्ही टोकांना नवीन काहीतरी होतं. जमिनीत बुडालेले लोखंडी ठोकळे, सिग्नल आला की वर येऊन रस्ता बंद करणारे. म्हणजे पुलावर कोणी असेल तर त्याला पुढेही जाता येणार नाही आणि मागेही.

"हा अडसर कधी बांधलास?" मी विचारलं.

"मी नाही बांधला."

मग काय उंदरांनी बांधला, असं मी म्हणणार होतो. तेवढ्यात मला वायर दिसली. आणि वायरीवर, ठरावीक अंतराने...

छोटे दिवे.

ताईने माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे. स्क्रीनच्या कोपऱ्यात एक ओळ उमटली.

"बाबा आले."

गेममध्ये कोणी शिरलं की अशी ओळ येते. पण शिरायला वायफाय लागतं, वीज लागते, कॉम्प्युटर लागतो. मी वळून कोपऱ्यात बघितलं. कापड तसंच होतं. गुंडाळलेली वायर तशीच होती.

पुलापलीकडे, किल्ल्याच्या आत, खटक्याजवळ, पिवळं हेल्मेट घातलेली आकृती उभी होती. बाबांची.

आणि खालून आरोळी आली. "खाली ये, नाहीतर वर येऊन फरफटत नेतो."

भाऊजी.

मी ताईला दार आतून लावायला सांगितलं आणि खाली पळालो. राग माझ्या नाकावरच असतो, अख्खं गॅरेज सांगेल. पहिला ठोसा मीच मारला, खोटं कशाला बोलू. त्यांचं नाक फुटलं. रक्त हनुवटीवरून शर्टावर आलं, तरी ते हसत होते.

त्यांच्या हातात सळई होती, ती मी उशिरा बघितली.

खांद्याचं हाड मोडल्याचा आवाज मला आधी आला, दुखलं नंतर. दुसरा फटका गुडघ्यावर. मी गेटच्या आत सिमेंटवर आडवा झालो. मग लाथा. बरगड्यांत, पोटात, तोंडावर. तोंडात काहीतरी खडखडलं, तो माझाच दात होता. भाऊजी एका लयीत मारत होते. अधूनमधून वर खिडकीकडे बघून म्हणायचे, "याला संपवतो, मग तुझी पाळी."

मला उठता येत नव्हतं. एवढंच डोक्यात होतं की वरचं दार लाकडी आहे आणि दोन लाथांत तुटेल.

रक्ताने सळई निसटली. घरंगळत जाऊन गेटच्या रुळात अडकली. ती काढायला भाऊजी वाकले. एक पाय गेटच्या आत, एक बाहेर.

तेव्हा पहिला भोंगा वाजला...

तो लॅपटॉपचा आवाज नव्हता. गेममधला भोंगा बारीक, पिपाणीसारखा आहे. हा बंदराचा होता, छातीत घुमणारा. आणि बंदर आमच्या या घरापासून दोन तासांच्या रस्त्यावर आहे.

"आहे का कोणी?"

हा आवाज मला ओळखावा लागत नाही. लहानपणी बंदराजवळ राहायचो तेव्हा शाळेतून येताना तीच हाक ऐकून आम्ही दोघं पुलाच्या अलीकडे थांबायचो.

भाऊजींनी इकडेतिकडे बघितलं. रस्त्यावर कोणीच नव्हतं. समोरच्या दुकानाचं शटर बंद. एक कुत्रंसुद्धा नाही.

दुसरा भोंगा.

"आहे का कोणी?"

सळई रुळातून निघाली. भाऊजी ताठ उभे राहिले आणि तोंडातलं रक्त थुंकले.

तिसरा भोंगा.

"आहे का कोणी?"

"आहे," भाऊजी वर बघून म्हणाले. "मी आहे. काय करणार आहेस?"

शप्पथ सांगतो, त्या क्षणी मला वाटलं, हा माणूस वाचला. त्याने ओ दिली. आता बाबा खटक्यावरचा हात काढतील.

मी जमिनीवर पडल्या पडल्या वाट बघत होतो... परत पहिला भोंगा वाजण्याची.

गेट हललं.

हळूहळू नाही. आमचं गेट म्हाताऱ्यासारखं कण्हत सरकतं. त्या दिवशी ते सुटलं. भाऊजींना छातीशी धरून त्याने समोरच्या खांबावर आदळलं. बरगड्या सगळ्या एकदम गेल्या. त्यांच्या तोंडून किंकाळी आलीच नाही, नुसती हवा आली.

मग गेट मागे गेलं.

भाऊजी खांबाला धरून उभे होते. अजून जिवंत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि हात पुढे केला. मारायला नाही, धरायला.

मी हात दिला नाही. खरं तर खांदा मोडला होता, उचलताच येत नव्हता. पण उचलता आला असता तरी दिला असता का, हे मला विचारू नका.

गेट परत आलं. परत गेलं. परत आलं.

थांबलं तेव्हा खांबावर आणि गेटवर मिळून जे होतं, त्याला भाऊजी म्हणता येत नव्हतं. रक्त रुळातून वाहत माझ्या गालापर्यंत आलं. कोमट होतं.



मग वीज आली. जिन्यातला दिवा लागला.

ताईने वर काय बघितलं, ते तिने मला हॉस्पिटलात सांगितलं. पुलावर एक आकृती आली. तिला नाव नव्हतं, चेहरा नव्हता. दोन्ही टोकांचे लोखंडी ठोकळे वर आले. तीन भोंगे झाले. पुलावरून कोणीतरी लिहिलं, "आहे."

"बाबांनी वाचलं," ताई म्हणाली. "खटक्यावर हात ठेवून ते बराच वेळ थांबले. मग ओढला. आणि ओढतच राहिले."

गेट बसवणाऱ्या कारागिराने मोटर उघडली. तो म्हणाला, ही मोटर त्या दुपारी फिरलेलीच नाही. वीज नसताना हे गेट ढकलायचं तर दोन धट्टीकट्टी माणसं लागतात. पोलिसांनी रुळाला उतार असल्याचं ठरवलं आणि अपघात म्हणून मिटवलं. मी स्वतः पातळी लावून बघितली. उतार नाही.

लोकांना वाटतं मला भाऊजींची भीती वाटत असेल. नाही वाटत. मला रडू येतं ते बाबांसाठी. गाढवासाठी जहाज थांबवणारा माणूस तो. त्याला ओ ऐकू आली होती. ऐकूनही त्याने...

एवढ्यावर हे संपलं असतं तर मी लिहायला बसलो नसतो.

गेल्या आठवड्यात, सकाळी, चहा घेताना मी ताईला म्हणालो की तो किल्ला आता पुसून टाकू. ती नाही म्हणाली. मी समजावलं, ती ऐकेना. ती गेममध्ये रोज पुलाच्या अलीकडे जाऊन बसते, कोणाशी तरी लिहून बोलते, हे मला बघवत नव्हतं. मी लॅपटॉप ओढला. तिने तो छातीशी धरला.

माझा आवाज चढला. राग नाकावर असतोच. मी तिचं मनगट धरलं आणि पिरगाळलं.

तेच मनगट.

लॅपटॉप मिटलेला होता. बंद होता.

भोंगा वाजला...

खिडकीची तावदानं थरथरली. कपातला चहा हलला. कोपऱ्यातलं कापड हललं की नाही, ते बघायची माझी हिंमत झाली नाही.

"आहे का कोणी?"

ओ देऊन उपयोग नाही, हे मी त्या दुपारी बघितलं होतं.

ताई अजिबात घाबरली नव्हती. माझ्या बोटांकडे बघत हळूच म्हणाली, "सोड. बाबा ऐकतायत."

मी सोडलं.

पुढचा भोंगा वाजला नाही. अजून वाजलेला नाही. आता मी घरात आवाज चढवत नाही, दारसुद्धा आपटत नाही. गॅरेजला जाता-येता मात्र त्या गेटचा रूळ ओलांडावाच लागतो, आणि दर वेळी माझा पाय उचलता उचलत नाही.

कारण बाबा आता परत पहिल्यापासून मोजणार आहेत, की माझे दोनच भोंगे उरलेत... हे मला माहीत नाही.