तिसरी रेघ

"पहिली," पाचवा माणूसही म्हणाला.

तिनं पुन्हा फळ्याकडे पाहिलं. डावीकडे एक रेघ, उजवीकडे तीन. डावीकडच्या रेघेएवढी कुठली, एवढंच सांगायचं होतं. ती मानसशास्त्र विभागात बांधलेली पुस्तकं पोचवायला आली होती. 'नजरेची चाचणी' अशी पाटी दिसली म्हणून सहज आत शिरली. तिसरीच तर आहे... मग हे सगळे पहिली का म्हणतायत?

शेजारच्या चष्मेवाल्याची पाळी आली. त्यानं तिच्याकडे एकदाच पाहिलं.

"तिसरी."

"तिसरी," सातव्या खुर्चीवरून तीही म्हणाली.

बाहेर व्हरांड्यात तो चष्मेवाला बोलणी खाऊन मान खाली घालून उभा होता.

"कोण ओरडलं तुम्हाला?"

"आमच्या मॅडम. आम्ही सहाही जण ठरवून चुकणार होतो. सगळे चुकले की सातवा वाकतो का, ते बघायचं होतं. एक जरी खरं बोलला, तरी सातव्याला बळ येतं... प्रयोग वाया."

"मग तुम्ही का फुटलात?"

"तुम्ही — ओठ चावत होतात."

ती हसली. "मी बाइंडर आहे, साहेब. अर्ध्या मिलिमीटरचा फरक नुसत्या डोळ्यांनी कळतो. तुमची गरज नव्हती मला."

"म्हणजे बोलणी फुकटच खाल्ली?"

"फुकट कशी? चहा पाजते की!"

त्या चहाला वर्ष झालं. आज तो तिच्या घरी, दाराजवळच्या स्टुलावर बसला होता. समोर घरचे सगळे ओळीनं. लग्नाला हो की नाही, ते एकेकानं सांगायचं होतं.

"लोकांच्या मनाचा अभ्यास करतो म्हणे. स्वतःचं पोट कधी भरणार?" बाबा म्हणाले. "माझं नाही."

"माझंही नाही," काका.

"छे, नाहीच!" आत्या.

दादानं नुसती नकारार्थी मान हलवली.

"सगळे म्हणतायत तर... नाही," आई हातातल्या रुमालाच्या घड्या घालत पुटपुटली.

आता तिची पाळी. डोळ्यांना सगळं स्वच्छ दिसत होतं, पण जीभ उचलेना. तिनं स्टुलाकडे पाहिलं. इथं त्याला पाळीच नव्हती.

"माझं हो आहे," ती म्हणाली. "तुम्ही पाच जण नाही म्हणालात म्हणून माझं उत्तर बदलत नाही. आणि लग्न मला करायचंय, आत्याला नाही."

"जिभेला काही हाड!" आत्या उसळली.

"हो," ती पुन्हा म्हणाली, आधीपेक्षा मोठ्यानं.

मग आईनं रुमाल बाजूला ठेवला.

"मला परत विचारा," आई म्हणाली.