डाव्या मुठीवरची पाकळी

तुडीलच्या देवळाला कुलूप होतं. आजची खेप फुकट गेली, असं पायरीवर बसलेल्या मैथिलीला वाटलं. तेवढ्यात सावित्री नदीत पाय धुऊन वर येणाऱ्या तरुणानं तिला कमरेची किल्ली दाखवली. तो यशराज, देवीच्या पूजेचा मान त्याच्या घराकडे. ती महाडच्या कॉलेजात इतिहास शिकवायची, आणि जुन्या कांस्यमूर्तींचे हात काय सांगतात यावर लिहीत होती.

देवीचा उजवा हात अभय देणारा, मोकळा. डावा छातीशी. दोन्हींवर तेलाहळदीची पुटं, डाव्याची तर बोटंच दिसेनाशी झालेली.

"वाट बघत आसंल कुनाची," तो म्हणाला.

"वाट बघणारीची बोटं सैल असतात. पुटाखाली मूठ वाटतेय, हिनं काहीतरी धरलंय."

"मग आमच्यासारखीच हाय. धरलं का सोडत नाय."

मैथिली मूर्तीकडेच पाहत राहिली... कान मात्र तापले होते.

पुढे ती दर रविवारी येऊ लागली. एकदा त्याच्याच संमतीनं तिनं तो डावा हात चिंचेच्या कोळानं घासला. खालून लखलखीत कांस्य निघालं — आणि घट्ट मिटलेली, रिकामी मूठ. धरलेलं निसटून गेलं तरी मूठ उघडायची राहून जाते, तिनं त्याला समजावलं. त्यानं त्या मुठीवरून बोट फिरवलं. मग त्यानं हळूच तिचा चिंचेनं माखलेला हात हातात घेतला.

लग्नाचं निघालं तेव्हा त्याची आई रंगूबाई नाही म्हणाली नाही. देवीला कौल लावू, एवढंच म्हणाली. दोन्ही हातांना ओली पाकळी चिकटवायची. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

उजव्या हाताच्या चिकट पुटावर पाकळी घट्ट बसली. घासलेल्या डाव्या मुठीवरून ती लावता लावताच घसरली.

मैथिलीनं तिथल्या तिथं सगळं सांगितलं — चिंच, गुळगुळीत धातू... पुन्हा एकदा लावा म्हणून विनवलं. रंगूबाई रागावली नाही.

"येवढी मूर्ती सोडून त्योच हात घासायची बुद्धी तुला कुनी दिली गो?"

मैथिली यशराजकडे वळली. "तुला तर ठाऊक आहे ना?"

"ठाऊक हाय." तो खाली बघत होता. "पन ती रिकामी मूठ बघितल्यापासनं मला झोप नाय. हात खोटं बोलत नाय, हे तूच शिकवलंस."

ती देवळाच्या पायऱ्या उतरू लागली.

बाहेर पाऊस भुरभुरत होता. तो तिच्यावर छत्री धरून निघाला, स्वतः भिजत. अर्ध्या वाटेत छत्री तिच्या हाती देऊन दोन पावलं मागून चालू लागला. एसटी आली. चढताना तिनं छत्री पुढे केली — राहू दे, रविवारी आण, एवढं तरी तो म्हणेल म्हणून.

त्यानं ती घेतली, आणि मिटली.