बोगद्यातली माणसं

चर्चेला दहा मिनिटं उरली होती. सभागृह भरलेलं. मंचावर दोन खुर्च्या, मध्ये नवं पुस्तक. तेवढ्यात मंचामागच्या जिन्याच्या तळाशी लेखिका सापडली. मान मोडलेली, अंग अजून ऊबदार.

"पाय घसरला असणार," जो तो कुजबुजत होता.

फौजदारबाई वाकून बघत राहिल्या. दोरीला बांधलेला वाचायचा चष्मा वाकडातिकडा होऊन चेहऱ्यावरच होता.

"हा लावून आई दोन पावलंही चालत नसे," लेखिकेची मुलगी म्हणाली. तिचे डोळे कोरडे ठणठणीत होते. "चक्कर यायची तिला."

"म्हणजे त्या उभ्या राहून काहीतरी वाचत होत्या. काय?"

मुलगी फौजदारबाईंना कोपऱ्यात घेऊन गेली. चाळीस वर्षांपूर्वी एक बोगदा कोसळला होता. आईचं पुस्तक त्यावरच. तिने नऊ वर्षं खपून दवाखान्यांचे कागद धुंडाळले होते. पुस्तकात मेलेले चौदा छापलेत. पण आज सकाळी एक म्हातारी परिचारिका घरी आली. शवागाराच्या वहीची तिने तेव्हाच हाताने केलेली नक्कल घेऊन. मूळ वही दवाखान्यातून केव्हाच गायब झाली होती.

"आई ओरडलीच, 'अगं, चौदा नाही, एक्केचाळीस!' ती नक्कल आज मंचावर वाचणार होती. आता तिच्या पिशवीत नाहीये."

"हे आणखी कुणाला सांगितलंस?"

"कुणालाच नाही. त्या आजींनीही आजवर तोंड उघडलं नव्हतं."

चर्चा घेणारे सर पहिल्या रांगेत डोकं धरून बसले होते. लेखिकेचे गुरू. बोगद्यावरचं पहिलं पुस्तक त्यांचंच. त्यात मेलेले फक्त दोन.

"बाईंना आज भेटलात?"

"नाही हो. मी थेट इथेच आलो."

"त्यांचं पुस्तक वाचलंत?"

"चार वेळा. पोरीने माझं पुस्तक खोडून काढलं, पण मला अभिमानच वाटला. एक्केचाळीस जिवांना तिने न्याय दिला..."

फौजदारबाईंनी मंचावरचं पुस्तक आणून उघडलं. "इथे तर चौदा लिहिलंय."

सरांचा हात कोटाच्या खिशाकडे गेला.

"खरा आकडा आज सकाळपर्यंत पुस्तकात नव्हता, सर. मायलेकी आणि त्या आजी सोडल्या तर तो ठाऊक असणारे दोघेच. नक्कल पाहिलेला, नाहीतर मूळ वही गायब करणारा. तुम्ही यांतले एक तरी आहात. बाईंनी तुम्हाला जिन्यावर गाठलं, चष्मा लावून नावं वाचून दाखवली. त्यांना वाटलं, गुरूला आधी सांगावं. तुम्ही मात्र ढकललंत. कोटाचा खिसा दाखवता?"

आतून चार पिवळे कागद निघाले. शेवटचा नकलेचा नव्हता, परिचारिकेने जपलेली दवाखान्याची पोचपावती होती: मूळ वही संशोधनासाठी नेली. खाली सरांची सही.

"बोगद्याच्या बांधकामवाल्यांनी मला विद्यापीठातलं अध्यासन मिळवून दिलं होतं," सर पुटपुटले. "वही जाळली मी. वाटलं, संपलं. तिने शेवटी विचारलं, 'सर, तुम्ही झोपता कसे?' मग हातच उठला."

त्यांना मागच्या दाराने नेलं. लोक जागचे हलले नव्हते.

फौजदारबाईंनी कागदांचे फोटो काढून घेतले. मग मोबाइल मुलीच्या हातात ठेवला. ती मंचावर चढली, ध्वनिक्षेपक ओढला आणि पहिलं नाव वाचलं.

शेवटच्या रांगेत एक म्हातारा हळूच उठून उभा राहिला. "माझा भाऊ," तो म्हणाला.