लाल दोऱ्याची छत्री

आधीच सांगते, हे खरं घडलेलं आहे. ज्यांना पटणार नाही त्यांनी इथेच थांबावं, माझा राग नाही.

हे माझ्या मामेबहिणीच्या, कानादेताईच्या बाबतीत घडलं. गेल्या वर्षी, जूनच्या शेवटच्या शनिवारी, ओसाकात. ताईने मला हे तीनदा सांगितलंय. तिन्ही वेळा एक शब्दही इकडचा तिकडे झाला नाही.

ताई तेव्हा शाळेच्या शेवटच्या वर्षाला होती. तिला ओसाकाला नर्सिंग शिकायला जायचं होतं. आणि मामांना तिला पाठवायचं नव्हतं.

मामांची ओसाकापासून बसने दोन तासांवर, नारुतोला रताळ्याची शेती. माणूस कमी बोलणारा. थोरली हारुए ओसाकाला शिकायला गेली, तिथे एका मुलाच्या नादाने दुसऱ्याच वर्षी शिक्षण सोडून बसली. तेव्हापासून ओसाका म्हटलं की मामांचा चेहरा बंद.

शेवटी मामीने मधला मार्ग काढला. मैत्रिणींबरोबर एक दिवस ओसाका बघून ये. आठच्या आत परत. मामा एवढंच म्हणाले, "वेळेवर आलीस तर प्रवेशाच्या फॉर्मवर सही करीन. पण कुठल्या मुलाबिलाची भानगड दिसली, तर विषय संपला."

एक दिवस. एवढंच तर जमवायचं होतं.

बरोबर तोमोए आणि रिको होत्या. तोमोएचं तोंड कधी बंद नसतं आणि रिकोची पिशवी कधी रिकामी नसते. पहाटेची बस, सकाळभर किल्ला, मग बाजार, मग उंच मनोऱ्याची रांग. पाऊस संततधार. दुपारपर्यंत तिघींचे पाय गेले होते. बूट ओले, मोजे ओले, हसायचंही जिवावर आलेलं.

मनोऱ्यामागच्या गल्लीत एका छोट्याशा दुकानात त्या उडोन खायला बसल्या. गरम रस्सा, जाड शेवया. ताई म्हणते, वाडग्यातच डोळे मिटत होते.

निघताना दाराबाहेरच्या छत्र्यांच्या स्टँडमधून तिने आपली छत्री उचलली.

तुम्हाला माहीतच आहे, त्या पारदर्शक प्लास्टिकच्या छत्र्या सगळ्या एकसारख्या. म्हणून ताईने आपल्या मुठीला निळी पट्टी चिकटवली होती. पण इतकी दमलेली असताना पट्टी कोण बघतं?

छत्री उघडली. चालायला लागली.

थोड्या वेळाने तिच्या लक्षात आलं...

उजवा खांदा भिजतोय.

छत्री डावीकडे कलली होती. तिने सरळ केली. दहा पावलांवर पुन्हा कललेली. हात दुखत असेल, ती स्वतःशी म्हणाली. हात बदलला.

तरी छत्री डावीकडेच.

तिच्या डाव्या बाजूला कुणी नव्हतं. तोमोए आणि रिको पुढे चालल्या होत्या.

आणि मग तो आवाज...

चप. चप.

तिची पावलं पडत होतीच. पण तिच्या प्रत्येक पावलामागे आणखी दोन. हलकी, घाईघाईची. मोठ्या माणसाबरोबर चालताना छोट्या पायांना दोनदा उचलावं लागतं, तशी.

ती थांबली.

सगळं थांबलं.

ती खाली बघायला धजली नाही. "इतकी दमले होते ना, घाबरायलाही ताकद नव्हती गं," ती मला म्हणाली.

पाचच्या सुमाराला त्या एका चहाच्या दुकानात शिरल्या. प्रकाशात तोमोएने तिच्याकडे पाहिलं आणि हसायलाच लागली. ताईचा उजवा खांदा निथळत होता. डावा कोरडा ठणठणीत.

"काय गं, कुणाला छत्रीत घेऊन फिरतेयस? आम्हाला न सांगता?"

आता आमच्याकडे एका छत्रीतून जायचं म्हणजे काय ते पोराटोरांनाही कळतं. वर्गातल्या फळ्यावर कुणी छत्री काढून दांड्याच्या एका बाजूला मुलाचं आणि दुसऱ्या बाजूला मुलीचं नाव लिहिलं, की वर्षभर चिडवाचिडवी ठरलेली. तोमोएने खिडकीच्या वाफ धरलेल्या काचेवर बोटाने तशीच छत्री काढली. एका बाजूला लिहिलं, कानादे. दुसरी बाजू मोकळी सोडली.

"नाव सांग, लिहून टाकते."

ताई हात धुवायला गेली. रिको ऑर्डर द्यायला, तोमोए तिच्यामागे. दोन मिनिटं टेबल रिकामं होतं.

ताई परत आली तेव्हा...

मोकळ्या बाजूला एक रेघ होती. वाकडी, बारीक. अजून लिहिता न येणाऱ्या बोटाने ओढल्यासारखी.

तोमोए म्हणाली, मी नाही. रिको म्हणाली, मी तर तिकडे होते. दोघींपैकी कुणी हसत नव्हतं.

मग ताईने पहिल्यांदा छत्रीची मूठ नीट पाहिली. निळी पट्टी नव्हती. मुठीला लाल लोकरीचा दोरा गुंडाळला होता. विटलेला. गाठ पार खाली, लहान मुलाचा हात पोचेल तिथे.

तोमोएचं म्हणणं, इथल्याच स्टँडमध्ये ठेवून दे आणि माझ्या छत्रीत ये, बस पाच-पन्नासची आहे. रिकोचं म्हणणं, उडोनच्या दुकानापर्यंत जायला-यायला पाऊण तास लागेल, बस चुकली तर मामा सही करणार नाहीत. दोघींचंही बरोबर होतं.

ताईने छत्री तिथल्या स्टँडमध्ये ठेवली. तिघी बाहेर पडल्या.

चौकापर्यंत आल्यावर तिने वळून पाहिलं.

दाराच्या काचेतून स्टँड दिसत होता. त्यात पाच-सहा छत्र्या...

एकच हलत होती. हळूहळू. कुणीतरी दोरा धरून उभं असल्यासारखी.

"मला वाटलं, एखाद्या पोराला मी अनोळखी ठिकाणी सोडून चाललेय," ताई म्हणते.

तिने रिकोला सांगितलं, तुम्ही बसपाशी जा, ड्रायव्हरला थांबवून धरा. आणि परत जाऊन छत्री घेतली.

ती अर्धवट पळत, अर्धवट चालत गेली. छत्री डावीकडे कललेली. या वेळी तिने सरळ केली नाही. चप चप चप, शेजारी कुणीतरी धापा न टाकता पळत होतं.

दुकान मधल्या वेळेपुरतं बंद होतं. दारावरचा पडदा आत घेतलेला. बाहेरचा स्टँड रिकामा, ताईची निळ्या पट्टीची छत्रीही नव्हती.

तिने लाल दोऱ्याची छत्री मिटून स्टँडमध्ये उभी केली. दोन पावलं मागे सरली आणि वाकून नमस्कार केला. कुणाला, ते तिलाही ठाऊक नाही.

"चुकून नेली होती. माफ करा. खूप उपयोग झाला."

मग ती पळाली. छत्रीशिवाय.

मागे एकही आवाज नव्हता.

बस सुटायच्या मिनिटभर आधी ती चढली. नखशिखान्त भिजलेली. रिकोने स्वतःसाठी घेतलेला नवा शर्ट पिशवीतून काढला आणि तिला दिला. करडा, मुलग्यांच्या मापाचा, ढगळ. ताईने मागच्या सीटवर दोघींच्या आडोशाने तो घातला. आणि नारुतोआधीचा समुद्रावरचा पूल येईपर्यंत झोपून गेली.

नारुतोचा थांबा आला तेव्हा आठला पाच मिनिटं कमी होती. तोमोए आणि रिको पुढच्या गावच्या. ताई एकटीच उतरली. तिथे आणखी कुणीही उतरलं नाही, हे ती शपथेवर सांगते.

पाऊस सरळ धारेने पडत होता. वारा नव्हता. मामांची गाडी पलीकडे उभी, मध्ये साठ-सत्तर पावलांची उघडी वाट. ती डोकं खाली घालून चालत गेली. अंगात पळायचं त्राण नव्हतं.

मामा गाडीबाहेर छत्री घेऊन उभे होते. घड्याळाकडे बघून त्यांनी मान हलवली. ताई म्हणते, लहानपणानंतर पहिल्यांदा ते तिच्याकडे बघून हसले.

मग ती गाडीच्या दिव्यांसमोर आली.

मामांचं हसू गेलं.

त्यांनी तिच्या मागे, रस्त्यावर नजर टाकली. डावीकडे पाहिलं. उजवीकडे पाहिलं. पुन्हा तिच्याकडे.

ताईने स्वतःकडे पाहिलं...

करड्या शर्टाची उजवी बाही काळी पडली होती. पाणी गळत होतं.

डावी बाही पूर्ण कोरडी.

तिच्याजवळ छत्री नव्हती.

"कुणी आणून सोडलं तुला?" मामांनी विचारलं.

"कुणी नाही, बाबा."

"मग छत्री कुणी धरली होती?"

खरं काय ते तिला त्याच क्षणी कळलं होतं, आणि तेच सांगण्यासारखं नव्हतं.

मामांनी शर्टाची बाही दोन बोटांत धरली. "आणि हा कुणाचा?"

रिकोचा, ताईने सांगितलं, पण मामांना ते पटलं नाही. घरी आल्यावर मामांनी फॉर्म फडताळातून काढला आणि मामीकडे देऊन झोपायला गेले. सही नव्हती. दुसऱ्या दिवशी रिकोने येऊन शर्टाचं खरं ते सांगितलं. मामा म्हणाले, मैत्रिणी मैत्रिणींसाठी बोलतातच. आणि बाहीचं रिको तरी काय सांगणार?

ताई आता घरून जाऊन-येऊन जवळच्या तोकुशिमाला शिकते. मामा अजूनही कधीकधी जेवताना मध्येच तिच्याकडे बघतात. त्यांना त्या मुलाचं नाव हवंय.

मागच्या आठवड्यात मी मामांकडे गेले होते. दुकानापर्यंत जायचं होतं, पाऊस होता, घरात एकच छत्री. मी ताईच्या उजवीकडून चालत होते आणि सबंध भिजत होते, कारण छत्री पलीकडेच कललेली. मी म्हटलं, थांब, मी डावीकडे येते.

तिने माझा दंड धरून मला मागे ओढलं.

"तिकडे नको," ती म्हणाली. आवाजात भीती नव्हती. नुसता थकवा. "तिकडे जागा नाही."

मी दुकानापर्यंत उजवीकडूनच चालले, भिजत. आणि सारा वेळ मोजत होते...

आम्ही दोघी. आणि पावलं सहा.