अंदाजवाहिनी

तोरणमाळच्या घाटात आरोग्य केंद्राची जीप दरीत कोसळली आणि त्यात मंदाकिनी सिस्टर गेल्या, हे सकाळी फोनवर कळलं तेव्हा वामनराव जाधव त्यांच्यावरच, म्हणजे आपल्या बायकोवर, रुसून बसले होते. आदल्या संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर त्यांनी संसारात पहिल्यांदाच तिला मनातलं सांगितलं होतं, "मंदा, तुझ्यावाचून करमत नाही. बदली मागून परत ये." त्यावर ती म्हणाली होती, "बरं केलंत. नाहीतर टाकी वाहते."

दिवसकार्य उरकताच ते नाशिकच्या दूरसंचार प्रयोगशाळेत येऊन बसले.

"तुमचं यंत्र बिघडलंय. माझी बायको बहिरी नव्हती."

"काका, चहा घेता?" डॉ. शाल्मली तांबे म्हणाल्या. व्हिडिओ कॉलची ही यंत्रणा, अंदाजवाहिनी, त्यांच्याच गटाने उभारली होती.

"चहा सगळे विचारतात. उत्तर कोणी देत नाही."

"देते. अंदाजवाहिनी पूर्ण चित्र पाठवतच नाही, त्यात वीज फार जाते. तुमचा चेहरा, आवाज, बोलण्याची सवय समोरच्या फोनने आधीच शिकलेली असते. मोबाइलचा मनोरा फक्त त्रोटक खुणा पाठवतो. उरलेलं फोन स्वतः भरतो."

"म्हणजे थापा मारतो."

"अंदाज करतो. तुम्ही कारखान्यात होतात म्हणालात ना, तिथे मशीनच्या आवाजात तुम्हीही अर्धंच ऐकून वाक्य समजून घेत असाल."

"नाही समजलं तर 'काय?' म्हणून ओरडायचो. तुमचा फोन ओरडतो?"

डॉ. तांबेंनी संगणक पुढे ओढला.

"मग मला एवढंच सांगा, पडद्यावर बोलली ती मंदा होती, की तुमचा अंदाज?"

त्यांनी त्या कॉलच्या खुणा उघडल्या. "त्याच होत्या. मनोऱ्याला ऐकायला वीज कमी लागते, बोलायला जास्त. ढगांमुळे त्यांच्याकडचा सौर मनोरा काटकसरीवर होता, तरी त्यांचा शब्द न् शब्द तुमच्यापर्यंत पोचला."

"म्हणजे टाकीचं तीच बोलली! मी काय सांगतोय आणि ही..." वामनरावांचा आवाज चढला.

"थांबा. त्यांना काय ऐकू आलं, तेही काढता येतं. त्यांच्या फोनने शिकलेलं इथेही साठलेलं आहे; त्याच खुणा दिल्या की तेच चित्र पुन्हा रचलं जातं."

पडद्यावर वामनरावच आले. तोच बनियन, तीच खुर्ची. त्यांच्याच आवाजात ते म्हणाले, "जेवलीस का? मी मोटर बंद केली. ठेवतो."

"हे मी बोललोच नाही!"

"त्या दिवशी नाही. पण रोज तुम्ही हेच बोलत होतात ना? खुणा क्षीण झाल्या की फोन ऐकण्यापेक्षा सवयीवर जास्त भरवसा ठेवतो. तुम्ही नेहमीपेक्षा वेगळं बोललात, ते त्याला खरखर वाटलं. त्याने ती पुसली आणि नेहमीचं वाक्य घातलं."

"वाक्य माझं, आणि ठरवणार तो? कोणी विचारलं होतं का मला?"

"नाही," डॉ. तांबे म्हणाल्या. "मीच सुधारणा सुचवते. खूण क्षीण असेल तर पडदा कोरा ठेवायचा."

"कोराच ठेवा. कोरा पडदा दिसला असता तर तिने परत फोन लावला असता."

वामनराव उठले. बायकोवरचा राग आता धरता येत नव्हता आणि यंत्रावर धरून उपयोग नव्हता.

परत ये, हे मंदाला सांगायचं राहिलं आहे.