वस्त्रगाळ

साकिउसाची धाकटी बहीण लितिआ हिचं लग्न झालं, त्याच वर्षी कांदावू बेटावरच्या नाइवाकारू गावात यांगोना चाळायचं यंत्र आलं. आलं म्हणजे कुणी विकत आणलं नाही. लितिआचा नवरा रुसिआते यानं ते बांधलं. रुसिआते ओव्हालाऊ बेटाचा, बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा. लग्नातल्या चटया अजून गुंडाळून ठेवल्या नव्हत्या, तोवर हा मेव्हण्याच्या छपरीत मोजपट्टी घेऊन बसला होता.

यंत्र हवं होतं ते साकिउसाच्या बायकोसाठी, मेरेओनीसाठी. यांगोना म्हणजे मुळांची पूड पाण्यात कालवून करायचं, जरा गुंगी आणणारं पेय. तिची मुळं खणायची, वाळवायची, लोखंडी उखळात कुटायची, ही कामं पुरुषांची. कुटलेलं चाळायचं ते मेरेओनीनं. लग्न होऊन आल्यापासून ती एकाच पातळ सुती फडक्यातून चाळत आली होती. डब्यात कुटलेलं भरायचं, तोंडाला फडकं ताणून बांधायचं, डबा परातीवर उपडा धरायचा नि मनगट हलवत राहायचं. दोन हिसके, मग जरा थांबा. दोन हिसके, मग जरा थांबा. परातीत पिठाहून मऊ पूड साचायची. तिच्या हातची पूड पाण्यात कालवली की करवंटीच्या तळाला गाळ म्हणून राहत नसे. दुसऱ्या गावचे लोकसुद्धा एका घोटात ओळखायचे.

तीच पूड तिच्या छातीत गेली. आधी सकाळी खोकला यायचा, मग दिवसभर. वुनिसेयाच्या दवाखान्यातली नर्स तोंडाची फटकळ होती. म्हणाली, "बाई, पूड सोडा. नाहीतर एक दिवस श्वास सोडाल."

साकिउसा तेव्हापासून धास्तावला होता. मूलबाळ नव्हतं, घरात दोघंच. त्यानं मेरेओनीला खाडीपलीकडच्या गावात तिच्या बहिणीकडे, सालोतेकडे, पोचवलं नि दाजींना म्हणाला, "धूळ बाहेर येणार नाही असं काहीतरी बांधा."

रुसिआतेनं दाकुआ झाडाच्या फळ्यांची पेटी केली. ट्रकच्या ट्यूबच्या चार पट्ट्या कापून त्यांवर ती टांगली. गवत कापायच्या यंत्राचं इंजिन बाजूला बसवलं नि त्याच्या चाकावर, मध्यापासून जरा सरकवून, एक दांडा जोडला. चाक फिरलं की दांडा पेटीला मागेपुढे हिसडायचा. वरून कुटलेलं घालायचं, झाकण लावून कडेनं ओलं गोणपाट दाबायचं. मधे चाळण, खाली खण.

"दाजी, हे यंत्र आहे की डुकराचं खुराडं?" साकिउसा म्हणाला.

"खुराडंच आहे, मेव्हणे. तुमचं माप घेऊन बांधलंय."

मेव्हण्यांनी एकमेकांची टर उडवायची हा तिथला रिवाजच. नाही उडवली तर लोक विचारतात, भांडण झालं का.

अडलं ते चाळणीपाशी. सुवा शहरातून आणलेली तारेची जाळी जाड निघाली. दुसरी बारीक मागवली, ती भरून बसू लागली. तेव्हा साकिउसानं खिळ्यावर टांगलेलं मेरेओनीचं फडकं काढलं नि चौकटीवर ताणून ठोकलं.

"वहिनींना विचारलंत?" रुसिआतेनं विचारलं.

"तिला आता काय करायचंय त्याचं?"

यंत्र सुरू करायच्या दिवशी गावाचा मुखत्यार, म्हातारा आपेनिसा, आला. नवा पाहुणा गावात आला की यांगोना पुढे ठेवून त्याचं येणं मान्य करून घ्यायचं, त्याला सेवुसेवु म्हणतात. यंत्राचंही तसंच केलं. आपेनिसा चटईवर बसून पेटीशी बोलला, सगळ्यांनी पोकळ तळहातांनी टाळ्या वाजवल्या, नि रुसिआतेनं दोरी ओढली.

पूड उत्तम पडली. बोटांत धरली तर बोटांनाच कळू नये इतकी मऊ. फक्त जरा कमी पडली. वर डबाभर घातलं होतं. चाळणीवरचा चोथा नि खणातली पूड परत त्याच डब्यात भरली, तर करवंटीभर जागा उरली.

"पहिली करवंटी यंत्रानं घेतली," रुसिआते म्हणाला. "मानाचं आहे, मेव्हणे, तुमच्याआधी प्यालं."

साकिउसा हसला, पण त्याला ते रुचलं नाही. तो मापाचा माणूस होता. पुढच्या खेपेला त्यानं पेटीखाली पांढरी चादर अंथरली, फटींत मेण भरलं. चादर कोरी राहिली. करवंटीभर पूड पुन्हा कमी. रुसिआतेनं पेटी सोडून फळ्यांच्या आतून हात फिरवला, कोपरे चाकूनं खरवडले. काही अडकलं नव्हतं.

मंगळवारी नि शुक्रवारी चाळण व्हायची. एका शुक्रवारी साकिउसा मागं उखळापाशी कुटत होता. छपरीत इंजिन एकसारखं चालू होतं. त्या आवाजाखाली पेटीचा आवाज मात्र एकसारखा नव्हता. दोन हिसके, मग जरा थांबा.

तो मुसळ टाकून आत आला. रुसिआते पान्हा घेऊन दांड्याशी वाकला होता.

"काही ढिलं झालंय का, दाजी?"

"तेच बघतोय. सगळं घट्ट आहे." तो कपाळ पुसत म्हणाला, "चाक थांबत नाही. पेटी थांबते."

त्यानं त्यावर विनोद केला नाही.

बुधवारी साकिउसा होडी घेऊन खाडीपलीकडे गेला. मेरेओनी ओसरीवर चटई विणत बसली होती. गळ्याची हाडं वर आली होती. त्याला बघून म्हणाली, "आलात? मला वाटलं, खुराड्याशीच संसार मांडलात." नि हसता हसता थांबली, श्वास पुरला नाही म्हणून.

सालोतेनं त्याला मागच्या दारी नेलं. "भावोजी, हिला मंगळवारी नि शुक्रवारी काय होतं हो? बाकी दिवस बरी असते. त्या दोन दिवशी जेवणाच्या आधी खोकला सुरू होतो तो थांबत नाही. आणि हे बघा." तिनं पदराआडून काढावी तशी कमरेच्या कापडातून एक घडी काढली. मेरेओनीचा रुमाल होता. त्यावर रक्त नव्हतं. तपकिरी, कोरडं, अगदी बारीक काहीतरी होतं.

"या घरात यांगोना कुणी कुटतं?"

"काहीतरीच काय, भावोजी. आमचं शनिवार पाळणारं चर्च, यांगोनाला हात लावायची बंदी. इथं कुणी चहासुद्धा घेत नाही."

साकिउसानं बोट ओलं करून त्या पुडीला लावलं नि जिभेवर ठेवलं. कडवट, मातकट चव आली. मग जिभेचं टोक बधिर झालं. त्याच्याच टेकडीवरचं मूळ होतं ते, गेल्या हप्त्यात खणलेलं.

परत येऊन त्यानं फडकं चौकटीवरून उपटलं, नि धुऊन, घडी करून आपेनिसापुढे ठेवलं. सगळं सांगितलं. म्हाताऱ्यानं फडक्याला हात लावला नाही.

"यंत्र आणलं तेव्हा सेवुसेवु केलंत," तो म्हणाला. "बाईला कामावरून उठवलंत, तेव्हा तताऊ केलंत?"

आल्या ठिकाणाहून जायचं तर पुन्हा यांगोना ठेवून जाण्याची परवानगी मागायची, ती तताऊ. तिथलं लहान पोरही ती चुकवत नाही.

"मामा, ती गेली कुठं? आजारी होती. मीच पोचवून आलो."

"तेच विचारतोय. निरोप न घेता उठलेलं माणूस गेलं म्हणायचं की बसलंय म्हणायचं?"



दुसऱ्याच दिवशी, गुरुवारी, त्यानं मेरेओनीला होडीतून आणलं. छपरीत यंत्रासमोर चटई घातली. तिच्या वतीनं साकिउसानं यांगोनाच्या मुळांची जुडी पुढे ठेवली नि बोलला, की या बाईनं इतकी वर्षं या जागी बसून काम केलं, आता तिला उठायचं आहे, परवानगी असावी. आपेनिसानं जुडीला हात लावला.

"परवानगी आहे," तो म्हणाला. "मेरेओनी, या गावचं तुझ्याकडे काही उरलं नाही. तू मोकळी आहेस. जिथं जाशील तिथं सुखानं जा."

टाळ्या पडल्या. मेरेओनीनं लांब श्वास घेतला. तो अडला नाही. तिनं साकिउसाकडे बघितलं नि आणखी एक घेतला.

त्या संध्याकाळी ती नारळाच्या रसातला मासा नि दालोचे दोन उकडलेले कंद खाऊन उठली. नणदेच्या नवऱ्याला म्हणाली, "रुसिआते, तुमच्या यंत्रापेक्षा माझा हात बरा होता." रात्रभर घरात खोकला ऐकू आला नाही. साकिउसा कित्येक महिन्यांनी गाढ झोपला.

सकाळी ती दारात उन्हाला चटई विणत बसली. साकिउसा छपरीत गेला. रुसिआतेनं चौकटीवर नवं कापड ठोकलं होतं, बोटीवर काल आलेलं, कुणाचा हात न लागलेलं.

डबाभर कुटलेलं घातलं. दोरी ओढली.

पेटी एकसारखी हलली. थांबली नाही.

"बसलं बघा गणित," रुसिआते ओरडला.

इंजिन बंद केलं. साकिउसानं खण ओढला. तो येईना. दोघांनी मिळून ओढला.

खण काठोकाठ भरला होता. कडांवरून पूड सांडत होती. डबाभर घातलं होतं, त्याच्या दुप्पट तरी होती.

"मेव्हणे," रुसिआते हळूच म्हणाला, "हे कुठलं?"

साकिउसा तोवर बाहेर पडला होता.

मेरेओनी दारातच होती. पाठ चौकटीला टेकलेली. चटईची पात बोटांत तशीच. तोंड जरा उघडं, नि चेहरा अगदी निवांत.

त्यानं हाक मारली. मग खांद्याला हात लावला.

दुपारपर्यंत गाव जमलं. खाडीपलीकडून सालोते आली. मयताच्या घरी लोकांपुढे यांगोना ठेवावीच लागते, नि कुटायला वेळ कुणाला होता? साकिउसा आत मेरेओनीपाशी बसलेला असताना जवान मंडळींनी छपरीतला खण उचलून आणला नि सगळी पूड मोठ्या लाकडी थाळात कालवली.

करवंटी फिरू लागली. पहिली आपेनिसाला, मग मानानुसार. लोक हलक्या आवाजात म्हणत होते, की इतकी मऊ पूड या गावात पूर्वी कधी झाली नाही.

साकिउसाची पाळी आली. त्याला बाहेर बोलावलं. त्यानं थाळाकडे बघितलं, मग कोपऱ्यात बसलेल्या रुसिआतेकडे. रुसिआतेची करवंटी हातात तशीच भरलेली होती, नि तो खाली बघत होता.

मयताच्या घरची करवंटी नाकारता येत नाही. साकिउसानं एकदा टाळी वाजवली, ती घेतली नि एका दमात रिकामी केली. तळाला गाळ नव्हता.

मेरेओनी वारली ती त्या वर्षीच्या सप्टेंबरातल्या दुसऱ्या शुक्रवारी, सकाळी.